व्हाईटसाहेबांचे शेत

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत आपण मंडळी बहुधा गावाकडच्या गणपतीच्या, वाड्यातल्या आरत्यांच्या आणि उकडीच्या मोदकांच्या आठवणी लिहितो. यंदा संपादक मंडळाने सुचवले की जिथे आपण राहतो त्या जागेबद्दलही कुणीतरी लिहावे. आपले बरेच सभासद व्हाईटफील्ड आणि आसपास राहतात, रोज पत्त्यात हे नाव लिहितात. मी रेल्वेत परमनंट वे खात्यात, म्हणजे रुळांच्या खात्यात नोकरीला आहे. डिप्लोमा झालेला सिव्हिल इंजिनिअर, इतिहासाचा अभ्यासक नव्हे. पण २००६ पासून बंगलोर छावणी ते बंगारपेट हा सेक्शन पायी आणि ट्रॉलीवरून इतक्या वेळा पालथा घातला आहे की स्टेशनांची नावे, मोऱ्या, जुन्या हद्दीचे दगड यांच्याविषयी आपोआप कुतूहल निर्माण झाले. त्या कुतूहलापोटी जे वाचले, विचारले आणि पाहिले ते इथे मांडतो.

पहिला गैरसमज नावाचाच. ‘गोऱ्या साहेबांचे मैदान म्हणून व्हाईटफील्ड’ असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. तसे नाही. व्हाईट हे एका माणसाचे आडनाव. डेव्हिड इमॅन्युएल स्टार्कनबर्ग व्हाईट हे त्यांचे पूर्ण नाव. ते मद्रासकडचे. १८७९ साली त्यांच्या पुढाकाराने युरेशियन आणि अँग्लो-इंडियन असोसिएशन उभी राहिली, आणि पुढे म्हैसूर व कूर्ग भागासाठी तिची वेगळी संघटना झाली. त्या काळी ‘युरेशियन’ म्हणजे युरोपियन व हिंदी अशा मिश्र वंशाचे लोक, आणि ‘अँग्लो-इंडियन’ म्हणजे हिंदुस्थानात राहणारे इंग्रज. मिश्र वंशाच्या लोकांना अँग्लो-इंडियन म्हणायचे हे सरकारी कागदोपत्री १९११ च्या जनगणनेपासून रूढ झाले. संघटनेच्या लांबलचक नावात दोन्ही शब्द का होते, ते यावरून कळते.

या लोकांची अडचण आपण नोकरदार माणसांनी समजून घेण्यासारखी आहे. १७९१ साली कंपनी सरकारने एतद्देशीय आईच्या मुलांना मुलकी, लष्करी आणि आरमारी नोकऱ्यांची दारे बंद केली. पुढे तारखाते, कस्टम आणि आमची रेल्वे या ठिकाणी त्यांना आसरा मिळाला. इंजिन ड्रायव्हर, गार्ड, परमनंट वे इन्स्पेक्टर अशा जागांवर पिढ्यान् पिढ्या हीच मंडळी असत. आमच्या खात्यातल्या जुन्या कामकाजी शब्दांपैकी कितीतरी त्यांच्याच तोंडून रुळले असणार. पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शिकलेले हिंदी तरुण कचेऱ्यांतून येऊ लागले आणि कारकुनीच्या जागांसाठी स्पर्धा वाढली. ना इंग्रज आपले म्हणत, ना हिंदी लोक. व्हाईट यांचे म्हणणे असे की नोकरीवर किती दिवस जगणार, हातात जमीन पाहिजे.

जमीन मिळाली ती म्हैसूरच्या महाराजांकडून. इथे तारखा नीट पाहायला हव्यात. १८३१ पासून पन्नास वर्षे म्हैसूर राज्याचा कारभार इंग्रजांच्या हाती होता. १८८१ साली तो चामराजेंद्र वडियार यांना परत मिळाला. महाराज तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचे आणि दिवाण होते रंगाचार्लू. त्याआधीच १८७६ ते ७८ चा भयंकर दुष्काळ होऊन गेला होता. १८७१ च्या जनगणनेत संस्थानची लोकसंख्या पन्नास लाखांवर होती, ती १८८१ मध्ये बेचाळीस लाखांच्या आत आली. हे आकडे वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून ठेवले होते. गावेच्या गावे ओस, शेते पडीक आणि तिजोरीला सारा हवा. अशा वेळी २७ एप्रिल १८८२ रोजी महाराजांनी संघटनेला ३,९०० एकर जमीन शेतीच्या वसाहतीसाठी दिली. म्हणजे जवळजवळ सोळा चौरस किलोमीटर. यात महाराजांचे औदार्य होतेच, पण कसणारा माणूस मिळावा हा हिशोबही असावा असे माझे मत.

जागेची निवड मात्र रेल्वेवाल्याला लगेच पटते. मद्रास रेल्वेची जोलारपेट ते बंगलोर छावणी ही ब्रॉडगेज लाईन १ ऑगस्ट १८६४ रोजी सुरू झाली होती. काडुगोडीपासून दोनेक मैलांवर दक्षिणेला नवे गाव वसवले, म्हणजे भाजी, फळे, दूध, अंडी छावणीत पोचवायची सोय आयतीच झाली. छावणीत गोऱ्या पलटणी होत्या आणि त्यांना लोणी, अंडी, भाज्या लागणारच! १८८२ सालीच बंगलोर-म्हैसूर मीटरगेज लाईनही पूर्ण झाली. रूळ आधी, वस्ती नंतर, असाच इथला क्रम आहे. आपल्याकडे आता वस्ती आधी होते आणि रूळ कसे न्यायचे यासाठी आम्ही नकाशे घेऊन फिरतो.

गावाची आखणी गोल केली. मध्ये मोकळे मैदान, त्याभोवती घरे. आजही ‘इनर सर्कल’ आणि ‘आउटर सर्कल’ ही रस्त्यांची नावे त्याच आखणीतून राहिली आहेत. बंगलोरमध्ये नवीन आलेल्या रिक्षावाल्याला ‘इनर सर्कल’ म्हटले की तो चौक शोधतो, पण तो चौक नव्हे, अख्खे गावच वर्तुळात आहे. जवळच सॉसमंड नावाची दुसरी लहान वसाहत होती. १८८६ साली मेमोरियल चर्च बांधले. मंगलोरी कौलांची घरे, पुढे ओटा, मागे बाग आणि विहीर असा एकूण थाट.

आता शेतीचे काय झाले? मी शेतकऱ्याच्या घरातला आहे, म्हणून हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. इथली जमीन लाल. वरचा थर बरा, पण खाली मुरूम. वर्षाला सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही मे ते ऑक्टोबरमध्ये विखुरलेला, जास्त जोर सप्टेंबर-ऑक्टोबरला. बारमाही नदी नाही. अशा जमिनीत नाचणी उत्तम येते. इथे तिला ‘रागी’ म्हणतात आणि तिचाच मुद्दा करून खातात. पण युरेशियन वसाहतवाले हे बहुतेक कारकून, रेल्वे किंवा तारखात्यात वाढलेले. त्यांना नाचणी नको, फळबाग हवी. फळबागेला पाणी हवे, पाण्याला भांडवल हवे आणि भांडवल असते तर माणूस इथे आलाच नसता. बैल, अवजारे, मजूर सगळे शेजारच्या गावांतून. व्हाईट १८८९ साली वारले. त्यानंतरही गाव टिकले, पण मूळ कल्पना होती तशी शेतकऱ्यांची वसाहत काही फुलली नाही.

तरुण मुले परत रेल्वेत, नाहीतर कोलारच्या सोन्याच्या खाणीत गेली. १८८० नंतर जॉन टेलर कंपनीने कोलारला खाणी चालवायला घेतल्या आणि १८९४ मध्ये बोरिंगपेटहून (आजचे बंगारपेट) खाणींपर्यंत फाटा झाला. व्हाईटफील्ड त्याच मार्गावर. पोरे सोमवारी गाडीत बसून जात आणि गावात उरत ते आईबाप. पुढे निवृत्त होऊन हीच पोरे इथे परत येत. शेतकऱ्यांचे गाव व्हायचे ते पेन्शनरांचे झाले. आंबा, सीताफळ, पेरू, दोन कोंबड्या आणि संध्याकाळी ओट्यावर बसणे. खरे सांगायचे तर हे काही वाईट आयुष्य नव्हे. आपल्यातले कितीजण याच स्वप्नासाठी कर्ज काढून प्लॉट घेतात!

व्हाईटफील्डच्या इतिहासात विन्स्टन चर्चिल आणल्याशिवाय कुणाचे समाधान होत नाही, म्हणून तेही सांगून टाकतो. १८९६ पासून काही काळ चर्चिल फौजेतला तरुण अधिकारी म्हणून बंगलोरला होता. इथे जेम्स हॅमिल्टन यांचे वेव्हर्ली इन नावाचे विश्रामगृह होते. चर्चिल तिथे येई आणि हॅमिल्टन यांच्या मुलीवर त्याचे मन जडले होते, अशी कथा इथे सांगतात. कथा गोड आहे, पण पुरावा कुणी दाखवत नाही. बंगलोर क्लबात त्याची तेरा रुपयांची उधारी राहिली, हे मात्र क्लबाच्या वहीत नोंदलेले आहे.

या सगळ्यात एक गोष्ट राहून जाते. व्हाईटसाहेबांना जमीन मिळाली ती काही निर्मनुष्य माळरानावर नव्हे. भोवती काडुगोडी, पट्टंदूर, नल्लूरहळ्ळी, कुंदलहळ्ळी, हूडी, वर्तूर अशी जुनी गावे होतीच. किती जुनी? काडुगोडीच्या काशीविश्वेश्वराच्या देवळाजवळ राजेंद्र चोळाच्या काळातला, इ.स. १०४३ चा तमिळ शिलालेख आहे. पट्टंदूरचा तलाव बांधला, त्याला पाण्याचे दरवाजे केले आणि दुर्गा, क्षेत्रपाल व गणपती यांची स्थापना केली, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे आपण ज्या भागात दरवर्षी मांडव घालतो, तिथे गणपती बसवल्याची नोंद पावणेदहाशे वर्षांहून जुनी आहे आणि ती तलाव बांधण्याच्या कामाबरोबरच केलेली आहे. आपल्या मंडळींना आवडेल अशी आणखी एक गोष्ट. १६३८ नंतर शहाजीराजांना बंगलोरची जहागीर मिळाली, तीत इथून जवळचे होसकोटे आणि पुढचे कोलारही होते. तेव्हा मराठी माणूस इथे संगणकाबरोबर आला असे कुणी म्हटले तर ऐकून घेऊ नये.

त्या तलावाच्या निमित्ताने थोडे माझ्या खात्यातले. या पठारावर नदी नाही म्हणून पूर्वजांनी तलावांची साखळी केली. एक तलाव भरला की सांडव्याचे पाणी ओढ्याने पुढच्या तलावात, तिथून पुढे वर्तूरच्या मोठ्या तलावात आणि शेवटी दक्षिण पिनाकिनीत. या ओढ्यांना इथे ‘राजकालुवे’ म्हणतात. आमच्या जुन्या लाईनीखाली ज्या मोऱ्या आहेत त्या हे पाणी जावे म्हणूनच ठेवलेल्या. मी नवीन असताना एका मोरीपाशी थांबून विचारले होते की इथे पाणीच दिसत नाही, तर एवढा गाळा कशाला? बरोबरचे कीमन जवळच्याच गावचे, वयाने वडील, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. ते म्हणाले, “सार, वरती केरे होती. आता लेआउट झाला. पण पाण्याला लेआउट कळत नाही.” सप्टेंबर २०२२ मध्ये महादेवपुरा भागात बंगले आणि गाड्या पाण्याखाली गेल्या, लोकांना ट्रॅक्टरवरून बाहेर काढावे लागले, ते चित्र सर्वांनी टीव्हीवर पाहिले असेल. त्या रात्री आम्ही मोऱ्यांवर पहारा देत होतो. पाणी जुन्याच वाटेने आले होते, फक्त त्या वाटेवर आता इमारती होत्या.

अण्णांच्या आजोबांनी वसाहतीत ‘दोरें’कडे, म्हणजे साहेबांकडे, बागेला पाणी घालण्याचे काम केले होते. ते सांगत की दोरे लोकांची बोली गमतीची होती, निम्मी इंग्रजी, निम्मी तमिळ. सणाला ते गावात मिठाई पाठवत, पण घरात मात्र पायरीपाशीच बोलणे. स्वातंत्र्यानंतर एकेक कुटुंब इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाला गेले. बंगले विकले गेले. साठच्या दशकात काडुगोडीला सत्य साईबाबांचा आश्रम झाला आणि स्टेशनवर देशोदेशीचे भाविक उतरू लागले. तरीही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हे शहराबाहेरचे गावच होते.

मग १९९४ मध्ये टाटा, सिंगापूरच्या कंपन्या आणि कर्नाटक सरकार यांनी मिळून आंतरराष्ट्रीय टेक पार्क उभारायचे ठरवले. जागा ठरली पट्टंदूर अग्रहाराची. शहरात वीज जाते म्हणून पार्कने स्वतःचे वीजकेंद्रच उभारले. नव्वदचे दशक संपता संपता पहिल्या इमारती भरल्या आणि पुढच्या दहा वर्षांत जे झाले ते आपल्यासमोरच झाले आहे, कारण आपण त्याच लाटेत इथे आलो. मी २००६ मध्ये आलो तेव्हा लाईनीच्या दोन्ही बाजूंना नाचणी, नीलगिरीचे पट्टे आणि मधूनमधून गुलाबाची शेते होती. नंतर शेतात चुन्याच्या फक्कीने आखलेले चौकोन दिसू लागले. ‘रेव्हेन्यू साइट’, म्हणजे शेतजमीन रीतसर बिगरशेती न करता पाडलेले प्लॉट, हा शब्द मी इथेच शिकलो. ‘बी खाता’ हा त्याचा धाकटा भाऊ.

जानेवारी २००७ मध्ये जुन्या महानगरपालिकेत सात नगरपालिका, एक छोटी नगरपालिका आणि ११० गावे मिळवून बृहत् बंगलोर महानगरपालिका केली. सव्वादोनशे चौरस किलोमीटरचे शहर एकदम सातशेच्यावर गेले. व्हाईटफील्ड ज्या महादेवपुरा नगरपालिकेत होते, तीही त्यात विलीन झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या पालिकेचे पाच तुकडे झाले आणि आता आपण पूर्व महानगरपालिकेत आहोत. कागदावर शहर होणे सोपे असते. पाणी मात्र नव्हते. १०४३ साली तलाव बांधणाऱ्यांच्या या गावात २०२४ च्या उन्हाळ्यात टँकरसाठी रात्री दोन वाजता जागरणे झाली. सोसायटीत आंघोळीच्या बादल्या मोजल्या गेल्या. त्या ११० गावांसाठी कावेरीच्या पाण्याचा पाचवा टप्पा सुरू झाला तो ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे शहरात घेतल्यानंतर सतरा वर्षांनी.

मला गंमत वाटते ती याची, की ज्या वसाहतीची शेती जमली नाही, तिचेच नाव भोवतालच्या सगळ्या गावांवर पसरले. बिल्डरने कुंदलहळ्ळीत इमारत बांधली तरी जाहिरातीत व्हाईटफील्ड. वर्तूरच्या रस्त्यावर बांधली तरी व्हाईटफील्ड. शहराने व्हाईटफील्ड गिळले हे खरे, पण त्याआधी व्हाईटफील्डने या गावांची नावे गिळली. ही गावे परत दिसली ती मेट्रोमुळे. मार्च २०२३ मध्ये कृष्णराजपुरा ते व्हाईटफील्ड मेट्रो सुरू झाली, ऑक्टोबरमध्ये ती उरलेल्या शहराला जोडली गेली. सिंगय्यनपाळ्य, गरुडाचारपाळ्य, हूडी, सीतारामपाळ्य, कुंदलहळ्ळी, नल्लूरहळ्ळी, पट्टंदूर अग्रहार अशी एकेक उद्घोषणा डब्यात होते तेव्हा मला आपल्याकडच्या वाड्या, वस्त्या आणि खेडी आठवतात. ‘पाळ्य’ म्हणजे वाडी किंवा तळ, ‘हळ्ळी’ म्हणजे खेडे, ‘अग्रहार’ म्हणजे ब्राह्मणांना दान दिलेले गाव. तरुण मुले कानात यंत्र घालून बसलेली असतात. असो.

अण्णा निवृत्त झाले. त्यांच्या वाट्याची दीड एकर जमीन भावांमध्ये वाटून, थोडी विकून, उरलेल्यावर तीन मजले चढवले आहेत. वरच्या दोन मजल्यांवर नागपूर, नाशिक, लातूरकडची मुले भाड्याने राहतात. दर महिन्याला येणारे भाडे त्यांच्या शेवटच्या पगारापेक्षा जास्त आहे, हे ते स्वतःच हसून सांगतात. नाचणी मात्र आता दुकानातून आणावी लागते, याचा त्यांना राग आहे. “आमच्या घरात रागी विकत आणायची म्हणजे तुमच्या घरात दुसऱ्याकडून देवाचं पाणी मागायचं,” असे ते मला एकदा म्हणाले. गोमाळावर, म्हणजे गायरानावर, कोणत्या साली कुणी कुंपण घातले ते त्यांना तारीखवार पाठ आहे. आम्ही चौपदरीकरणाच्या कामासाठी जुन्या हद्दी शोधत होतो, तेव्हा कागदापेक्षा त्यांच्या बोटाचा उपयोग जास्त झाला.

जुन्या वसाहतीपैकी आज शिल्लक काय, असे कुणी विचारले तर फार थोडे आहे. वर्तुळाकार रस्ता आहे, चर्च आहे, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी कौलारू घरे आहेत आणि त्यांच्या आवारात जुनी मोठी झाडे आहेत. ‘होप फार्म’ हे नाव एका चौकाला आणि आता मेट्रो स्टेशनलाही राहिले आहे. शेत तिथे नाही, आशा किती आहे ते सिग्नलवर अर्धा तास उभे राहणाऱ्याने ठरवावे! आपल्या मंडळाच्या मुलांना एखाद्या रविवारी हे सारे दाखवावे असे मला वाटते. सकाळी आठच्या आत निघावे. होपफार्म चन्नसंद्र स्टेशनवर उतरून इनर सर्कलपर्यंत चालत जावे, मैदानाला एक फेरी मारावी आणि मग रिक्षा करून काडुगोडीच्या काशीविश्वेश्वराकडे वळावे. गाडी नेऊ नये. प्रार्थनेच्या वेळी चर्चसमोर गाडी लावायला जागा मिळत नाही आणि देवळाची गल्ली तर त्याहून अरुंद आहे.